अर्धं झाकण फेस

तो दुकानात आला तेव्हा आत चार गिऱ्हाइकं होती, आणि त्यानं चौघांनाही पुढं जाऊ दिलं.

पोंभुर्ण्याच्या बसस्टँडसमोरचं औषधाचं दुकान ते. एप्रिलची दुपार, बाहेर कुत्रंसुद्धा सावली सोडायला तयार नाही, आणि हा बाबा हिरवट टोपी कपाळापर्यंत ओढून वजनकाट्याशेजारी उभा. भिंतीवरच्या पोस्टरमधलं गुबगुबीत बाळ तो इतकं मन लावून पाहत होता, की जणू त्यालाच परीक्षेला बसायचं आहे.

काउंटरमागच्या रीतानं ओळखलं. चंद्रपूरला फार्मसी शिकून तिला या दुकानात तीन वर्षं झाली होती. जो माणूस सगळ्यांना पुढं जाऊ देतो, त्याला काहीतरी लाजेचं घ्यायचं असतं, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. काय घ्यायचं असेल याचे तिनं तीन अंदाज बांधले, आणि तिन्ही चुकले.

"बोला, काय पाह्यजे?"

"ते... केसाचं."

"शाम्पू?"

"नाई. ते फेसवालं. डब्यातून निघते ना... टाळूले लावाचं." आवाज इतका खाली, की पंख्याच्या घरघरीत अर्धा विरून गेला.

मागं खुर्चीवर मालक पत्रूभाऊ बसले होते. त्यांना ऐकू कमी येतं, आणि काही चुकायला नको अशी हौस मात्र जास्त. "काय म्हणते तो?" त्यांनी विचारलं.

"फेस, भाऊ!"

"दाढीचा?"

"डोक्याचा! केसं उगवाचा!" रीता ओरडली, आणि नेमकं तेव्हाच पाचवं गिऱ्हाईक पायरी चढून आत आलं.

टोपीवाल्याचे कान लाल झाले. रीताला वाईट वाटलं, आणि हसूही आलं. तिनं डबा काढून समोर ठेवला. "कोणासाठी पाह्यजे?"

"काकासाठी."

"काकाचं वय?"

"एकोणतीस," तो बोलून गेला, आणि मग थांबला. "म्हणजे... काका लहान हाये."

"हो ना. असतात काही काका लहान," रीता म्हणाली. चेहरा सरळ ठेवणं हा तिच्या कामाचाच भाग होता. "तर काकाले सांगा, सकाळी अर्धं झाकण, संध्याकाळी अर्धं झाकण. डोकं कोरडं पाह्यजे. चोळाचं नाई, बोटानं कातडीले लावाचं. चार तास धुवाचं नाई. वाळल्याशिवाय टोपी घालाची नाई, चुलीजवळ जाचं नाई, बिडी पेटवाची नाई. कपाळावर ओघळलं का लगेच पुसाचं, नाई तर तिथी बी लव येते. बीपीचा, हृदयाचा त्रास हाये का काकाले?"

"नाई... अजून तरी नाई," तिच्याकडे बघत तो म्हणाला.

त्यानं खिशातून एक छोटी डायरी काढली आणि सगळं लिहून घेतलं. औषधाच्या दुकानात डायरी काढणारा माणूस रीतानं पहिल्यांदाच पाहिला. जाताना तो दारात वळला.

"एक विचारू? चंद्रपूरले दोन दुकानं पालथी घातली, तिथी हा डबा नाई भेटला. येवढ्याशा पोंभुर्ण्यात कसा काय?"

"चालते इथी," रीता म्हणाली, आणि उगाचच बिलबुक उघडून बसली.

चालत वगैरे काही नव्हतं. सगळ्या तालुक्यात हा फेस लावणारं एकच माणूस होतं, आणि ते बिलबुकात तोंड घालून बसलं होतं.

रीताच्या घराण्यात बायकांचा भांग रुंदावत जायचा. आईचा, कमलाबाईचा, तिशीनंतर रुंदावला. रीताचा मात्र बाविसाव्या वर्षीच, पायवाटेची गाडवाट होत जावी तसा. चंद्रपूरच्या चामडीच्या डॉक्टरणीनं सांगितलं, आईकडून आलंय, हा फेस दिवसातून एकदा लाव. रीता वर्षभरापासून लावत होती, फरकही पडत होता. पण त्याआधी सावली गावचे पाहुणे तिला बघायला येऊन गेले होते. त्या दिवशी मावशीनं हौसेनं तिच्या वेणीत गंगावन घातलं. पोहे झाले, चहा झाला, आणि पाहुण्यांतली म्हातारी म्हणाली, "वेणी सोडून दाखव बापा." म्हातारीनंच पुढं होऊन वेणी ओढली, आणि गंगावन तिच्या हातात आलं. वडिलांनी, घनश्यामभाऊंनी, पुढचे दोन दिवस तलावावर जाळं टाकलं नाही. पोरगी फसवून देऊन राहिले होते, अशी बातमी मात्र सावलीहून पोंभुर्ण्यापर्यंत बसशिवाय पोचली.

तेव्हापासून रीतानं दोन गोष्टी ठरवल्या होत्या. कुणाला दाखवायला बसायचं नाही, आणि डोक्यावरची ओढणी काढायची नाही. आमच्याकडचं ऊनच असं, की ओढणी बांधलेल्या पोरीला कुणी कारण विचारत नाही. रीता फक्त ती पंख्याखालीसुद्धा बांधून असायची.

पंधरा दिवसांनी, मंगळवारी, तो परत आला. या वेळी त्यानं कुणाला पुढं जाऊ दिलं नाही.

"डुप्लिकेट माल हाये," त्यानं डबा काउंटरवर ठेवला. "फेस येतच नाई, पाणी येते."

"ठेवता कुठी डबा?"

"जिप्सीच्या कप्प्यात."

"कोणत्या जिप्सीच्या?"

मग कळलं. नाव अमर, मोहर्लीच्या जंगलात वाघाच्या सफारीवर गाइड. मंगळवारी जंगल बंद, म्हणून मंगळवारी मोकळा. काका पहिल्या वाक्यातच गळून पडला. टोपीचं कारणही त्यानं सरळ सांगून टाकलं. जिप्सीत गाइड पुढं बसतो, पर्यटक मागं उंच सीटवर. वाघ निघाला की सगळे मागून फोटो काढतात, आणि दर फोटोत वाघाच्या खाली गाइडची टाळू येते.

"एका साहेबानं फोटो पाठवला," अमर म्हणाला. "वाघीण अंधुक, अन् माहा चांद एकदम साफ. आमच्या पोरायनं त्याचं स्टेटस ठेवलं बाप्पा!"

रीता हसली. खूप दिवसांनी दुकानात ती मोठ्यानं हसली असावी, कारण पत्रूभाऊंनासुद्धा ऐकू गेलं.

"माल डुप्लिकेट नाई," ती डोळे पुसत म्हणाली. "सेहेचाळीस डिग्रीत डबा जिप्सीत ठेवाल तर फुटन एखाद दिवशी. अन् हात गरम असला का फेस इरघळतेच. आधी बोटं थंड पाण्यात बुडवाची, पुसाची, मंग फेस घ्याचा. डबा सावलीत, माठाखालच्या ओल्या रेतीजवळ ठेवाचा. आमी तसाच—"

ती थांबली.

"आमी म्हणजे?" अमरनं विचारलं.

"आमी... गिऱ्हाइकायले सांगतो तसं."

"अस्सं," तो म्हणाला. ओआरएसचं एक पाकीट घेऊन गेला.

पुढच्या मंगळवारी आला तो घाबरून. खिशातून त्यानं प्लास्टिकची झिपवाली पिशवी काढली. आत केस. वर चिठ्ठी चिकटवलेली: तारीख, वेळ सकाळी साडेचार, जागा उशी, नग सदतीस. खालोखाल अशा आणखी चार पिशव्या निघाल्या. जंगलात जनावराची विष्ठा, केस, काही सापडलं की गाइड लोक असंच पिशवीत भरून, चिठ्ठी लावून वनखात्याकडं देतात. अमरनं तोच कायदा स्वतःला लावला होता.

"होते ते बी जाऊन राह्यले, मॅडम. हे सॅम्पल."

रीतानं पिशव्या गंभीरपणे पाहिल्या. हसू आवरताना तिच्या हनुवटीला कंप सुटला होता, पण ती हसली नाही. तिसऱ्या आठवड्यात आपणही कंगव्यातले केस मुठीत धरून मोरीत रडत बसलो होतो, हे तिला आठवलं. तेव्हा कुणी समजावणारं भेटलं असतं तर बरं झालं असतं, असंही वाटलं.

"असं होतेच," ती हळू आवाजात म्हणाली. "सुरुवातीले गळतात. जुने, मेलेले पडतात, नव्यायले जागा होते. महिना-दीड महिना चालन. सोडू नका. चार महिने कोणाले काही दिसत नाई, आपल्याले बी नाई. तरी लावाचंच."

"चार महिने काही न दिसता?"

"हो."

"तुमाले भरवसा हाये?"

"हाये," रीता म्हणाली, आणि तिचा हात नकळत ओढणीच्या कडेला गेला.

अमरनं ते पाहिलं. पिशव्या परत खिशात घातल्या आणि पुन्हा एक ओआरएस घेतलं.

डबा महिन्याला एक लागतो. अमर मात्र दर मंगळवारी यायचा. बँडेज, बाम, मलम, काही नाही तर ओआरएस. मोहर्लीहून चंद्रपूर, चंद्रपूरहून पोंभुर्णा, दोन बस बदलून माणूस बाम घ्यायला येतो म्हणजे दुखणं वेगळंच आहे, हे पत्रूभाऊंच्याही लक्षात आलं. त्यांनी बाराच्या ठोक्याला जेवायला घरी जायला सुरुवात केली. चांगला माणूस.

मग त्या दोघांचं बोलणं चालायचं. तो जंगलातलं सांगायचा: पाणवठ्यावर उमटलेला ठसा आज सकाळचा की रात्रीचा हे कसं ओळखायचं, झाडावरून माकड ओरडलं की वाघ, आणि नुसतंच चितळ ओरडलं की कदाचित काहीच नाही. ती तलावाचं सांगायची, वडिलांनी पकडलेल्या मरळ माशांचं, धानाच्या रोवणीचं. जुलैत जंगलाचा आतला भाग बंद झाला, अमरला रोजच सुट्टी, तरी तो मंगळवारीच आला. छत्री दारात उलटी ठेवून.

"आता जंगल बंद हाये ना," रीता म्हणाली. "मंग मंगळवारच काऊन?"

"बाकीच्या दिवशी धीर धरतो," तो म्हणाला.

बाहेर पाऊस पत्र्यावर वाजत होता. रीतानं एकच गोळ्यांची पट्टी तीनदा मोजली. तिला तो आवडत होता, खोटं कशाला बोला. आणि जितका आवडत होता तितकी भीती वाढत होती. त्यानं आपलं सगळं पहिल्या महिन्यातच पिशव्यांत भरून, चिठ्ठ्या लावून समोर मांडलं होतं. तिनं मात्र ओढणीची गाठ सैल केली नव्हती. एखाद दिवशी यालाही दिसेल, आणि तोही सावलीच्या म्हातारीसारखा हात झटकेल, असं झोपेतून उठल्यावर सगळ्यात आधी तिच्या मनात यायचं.

सप्टेंबरात धुरपताबाई दुकानात आल्या. अमरची आत्या, आईमागं त्याला वाढवलं ते त्यांनीच, राहायच्या पोंभुर्ण्याजवळच. काउंटरवर त्यांनी एक थैली उलटी केली. ओआरएसची सोळा पाकिटं निघाली.

"माह्या घरी कोणाले जुलाब नाई, बाई," त्या म्हणाल्या. "पोट्टा दर मंगळवारी आणून ठेवते. म्हटलं पाहून तरी यावं, कोण इकून राह्यली." त्यांनी रीताला वरपासून काउंटरपर्यंत पाहिलं, त्याखालचं दिसत नव्हतं. "रविवारी येतो आमी तुह्या घरी. बापाले सांगून ठेव."

रीतानं हो म्हटलं की नाही, तिलाच आठवेना. संध्याकाळी मावशी घरी येऊन म्हणाली, या वेळी गंगावन घट्ट बांधू, वरून गजरा माळू, काही कळणार नाही. रीतानं ते गंगावन हातात घेतलं, बराच वेळ धरलं, आणि पेटीत परत ठेवलं.

रविवारच्या आधीचा मंगळवार. बारा वाजले, पत्रूभाऊ जेवायला गेले. अमर आला, टोपीशिवाय. टाळूवर बारीक, दाट लव आली होती, मळ्यात नुकतं उगवलेलं पीक दिसावं तशी.

"पाच महिने झाले," तो खुशीत म्हणाला. "पाहा ना."

"आधी तुमी पाहा," रीता म्हणाली.

तिनं ओढणीची गाठ सोडली. मग तिनं मान खाली घातली, आणि भांग त्याच्यासमोर धरला. पंख्याचा वारा उघड्या कातडीला लागला तेव्हा तिला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही.

"दीड वर्ष होत आलं, मी बी लावून राह्यली," ती खाली बघतच बोलली. "तो डबा मी माह्यासाठी मागवतो. आधी याहून वाईट होतं. सावलीच्या पाहुण्यायसमोर गंगावन निंघालं होतं माहं, गावभर झालं. तुमाले आधी सांगाले पाह्यजे होतं... नाई सांगितलं. रविवारी मी गंगावन घालणार नाई. तवा आत्ताच पाहून घ्या, अन् येऊ नका वाटलं तर नका येऊ."

छान आहे, काही कळत नाही, असलं तोंडदेखलं तो बोलला नाही. त्याचं काम पाहण्याचं होतं, आणि त्यानं नीट पाहिलं.

"मले माहीत होतं," तो म्हणाला.

रीतानं मान वर केली. "कवापासून?"

"पह्यल्या दिवसापासून अंदाज होता. चंद्रपुरात नाई तो डबा पोंभुर्ण्यात कसा, म्हणजे लावणारं कोणी इथंच हाये. मंग तुमी म्हणल्या, 'आमी तसाच'. मंग भरवसा हाये का म्हटलं तर हात ओढणीले गेला. अन् तुमच्या कपाळाच्या कडेले, इथी... बारीक लव हाये. फेस ओघळल्याची. तुमीच सांगितलं होतं मले."

रीताचा हात कपाळाकडं गेला. तिला लाज वाटली, मग राग आला. "पाच महिने माहीत होतं, अन् बोलले नाई?"

"पाणवठ्यावर जनावर आपल्या मनानं येते. गाइडनं जिप्सी बंद करून बसाचं असते."

"मी जनावर हाये का?"

"नाई ना! मी म्हणजे... बसलो होतो, येवढंच म्हणून राह्यलो." वाघाला न घाबरणारा माणूस काउंटरला धरून उभा होता. "मले तुमी आवडता, रीता. ओआरएस नाई आवडत."

ती हसली, आणि आत्ता मात्र रडलीही. मग नाक पुसून ती पुन्हा काउंटरमागची बाई झाली, कारण काही गोष्टी आधी सांगितलेल्या बऱ्या. "आयका मंग. हे औषध सोडलं का दोन-चार महिन्यात सगळं जाते. तुमचं बी, माहं बी. जलमभर लावाचं असते. अन् बाईच्या पोटात लेकरू असलं, अंगावर पीत असलं, तवा लावता येत नाई. तवा माहे पुन्हा जातीन. आत्ता दिसते त्याहून जास्त. हे बी डायरीत लिवून घ्या."

अमरनं खरंच डायरी काढली. काय लिहिलं ते तिला दाखवलं नाही.

रविवारी घनश्यामभाऊंच्या घरी पोहे झाले, चहा झाला. रीता पाटावर बसली होती, स्वतःच्या बोटभर वेणीनिशी. मावशी दाराआड पदर तोंडात धरून उभी. कमलाबाईंची नजर जमिनीवरून हलत नव्हती. धुरपताबाईंनी कप खाली ठेवला आणि रीतीप्रमाणं म्हटलं, "वेणी सोड माय, पाहू दे."

सगळ्यांना तो मागचा दिवस आठवला.

"थांब, आत्या," अमर म्हणाला. तो खुर्चीवरून उठला, घनश्यामभाऊंसमोर जमिनीवर बसला, आणि टोपी काढून मान खाली घातली. "पोरीचे केसं पाह्यतात, मंग पोराचे बी पाहाले पाह्यजे. आधी माहे पाहा, मामाजी."

घनश्यामभाऊंनी खिशातून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला, आणि मासा ताजा की शिळा पाहावा तसं ते डोकं दोन्ही बाजूंनी तपासलं. "बरं हाये," ते घसा खाकरत म्हणाले. "उगवून राह्यलं."

आधी मावशी हसली, मग सगळेच. त्या हसण्यातच रीतानं स्वतःच्या हातानं वेणी सोडली. धुरपताबाई जवळ आल्या. त्यांनी भांगावरून बोट फिरवलं, ओढलं नाही. मग आपल्याच पदराखाली हात घालून स्वतःची टाळू चाचपली.

"तो फेस," त्यांनी रीताच्या कानाशी तोंड नेलं, "म्हाताऱ्या बाईले चालते का बाप्पा?"

"आधी बीपी पाहू, आत्याबाई," रीता म्हणाली.

तारीख काढायला मंडळी ओसरीवर गेली तेव्हा कमलाबाई पहिल्यांदाच मान वर करून पोरीकडं बघत होत्या. रीता रिकाम्या कपांचा ट्रे घेऊन आत निघाली. अमर माठाजवळ पाणी प्यायला उभा होता. माठाखालच्या ओल्या रेतीत टेकून ठेवलेला डबा त्यानं पाहिला, अगदी तिनं सांगितलं होतं तसाच.

"किती लावाचं म्हटलं होतं?" त्यानं विचारलं.

"अर्धं झाकण."

"बस, अर्धंच?"

"अर्धंच," रीता म्हणाली. "पण रोज."